नळी बघितलीत ना?

बंदूक हातात घेण्याआधी मिस्त्री दोन्ही तळवे धोतराला पुसत आणि समोरच्याला म्हणत, "आधी घाबरून घ्या, मग हात लावा." गिऱ्हाईक हसे. मिस्त्री हसत नसत.

कल्याणला खाडीच्या अंगाला त्यांचं दुकान होतं. कोयते-विळे करणारे पुष्कळ होते, पण बिघडलेली बंदूक त्यांच्याकडेच येई. आणि इतकी वर्षं बंदुकांत घालवलेला हा माणूस बार उडाला की दर वेळी दचके! तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हांलाही गंमत वाटली असती. मला वाटायची. तेव्हा मी ठाण्यात एका इनामदारांकडे कारकून होतो. वय कोवळं, नोकरी नवी.

इनामदारांना शिकारीचा नाद. पण आदल्या वर्षी माहुलीच्या रानात वाघ त्यांच्या मचाणाखाली येऊन वर बघत उभा राहिला होता. तेव्हापासून त्यांना जनावर जवळ नको होतं. तसं ते कबूल कसं करणार? मिस्त्रींना बोलावून म्हणाले, "या टेकडीवरून त्या टेकडीवरचं जनावर पडलं पाहिजे, अशी बंदूक कर."

बाहेर आल्यावर मिस्त्री माझ्या कानाशी पुटपुटले, "सरकार भ्यालेत. बरं झालं. भ्यालेला माणूस मापं नीट देतो."

मापं सुतळीनं घेतली. मान, खांदा, हात. मग इनामदारांना डोळे मिटून दस्त्यासाठी घेतलेला लाकडी ठोकळा बंदुकीसारखा खांद्याला लावायला सांगितला.

"आता डोळे उघडा सरकार. नेम कुठे आहे?"

"तुझ्या नाकावर."

"मग दस्ता अजून तासायला हवा. मिस्त्री मेला तर बंदूक अर्धी राहील."

इनामदार खो खो हसले. त्यांना इतकं हसवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

नळी मुंबईहून आली होती. विलायती, गोळी फिरत सरळ जावी म्हणून आतून पेच पाडलेली. मिस्त्रींनी ती दोरीला टांगली, लाकडी हातोडीनं हलकेच ठोकली आणि कान लावला. बराच वेळ ऐकून म्हणाले, "बोलते चांगली. चीर नाही." दस्ता शिसवीचा. लांबच्या नेमासाठी नळीवर उभी करायची छोटी पत्र्याची पानं बसवली; जनावर जितकं दूर, तितकं उंच पान.

ओहोटीला खाडीकाठी चाचणी होई. गोळी कुठे पडली ते पलीकडचा चिखल लगेच दाखवी. पण त्याआधी मिस्त्रींची घालमेल बघण्यासारखी. "कारकून, चिखलात बाया खेकड्यांना आल्यात का बघा. नाहीत? पुन्हा बघा." मग बंदुकीचं मागचं तोंड उघडून, नळी उजेडाकडे धरून डोळा लावत. "नळीतून आभाळ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर घरी जायचं." मलाही ते तोंड उघडायला शिकवत होते. मी भीतीनं टाळत राहिलो.

खंडेनवमीला ती बंदूक ठाण्याला देवघरात पूजेला मांडली. मांडणी माझ्याकडे होती. कुंकू-अक्षता नळीत जाऊ नयेत म्हणून मी पुढच्या तोंडाशी लाल कापडाची चिंधी घट्ट कोंबली. यात चुकतंय असं मला वाटलंही नाही. दसऱ्याला ती ओढायला गेलो तर टोक हातात आलं आणि बाकीची आत राहिली. मी काडीनं उकरलं, तशी ती आणखी आत गेली. मागचं तोंड मला उघडता येत नव्हतं. पूजेतल्या शस्त्रात मी काडी घातली हे इनामदारांना कळतं, तर त्याच दिवशी मला घालवून दिलं असतं. तेवढ्यात पावलं वाजली. मी काडी लपवली. बारासरशी उडून जाईल, असं मनाला सांगितलं.

पाहुण्यांना आणि मिस्त्रींना घेऊन आम्ही सगळे खाडीवर गेलो. काडतूस इनामदारांनी स्वतःच्या हातानं भरलं. मग बंदूक मिस्त्रींपुढे केली. "पूजेनंतरचा पहिला बार बंदूक करणाराचा. मानच आहे तो." मान कसला, बोलता बोलता इनामदार स्वतः दोन पावलं मागे सरकले होते.

मिस्त्री तळवे पुसत म्हणाले, "काडतूस काढून एकदा बघतो सरकार."

"मुहूर्त टळतोय. कारकुनानं मांडली, पुसली, आणखी काय बघतोस?"

मिस्त्री माझ्याकडे वळले. "नळी बघितलीत ना?"

"बघितली," मी म्हणालो. "स्वच्छ आहे."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि बार उडवला.

तो आवाज बंदुकीचा नव्हता. नळी मधोमध फाटली होती आणि मिस्त्री खाली बसून स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. त्या हाताला बोटं उरली नव्हती. कोणीतरी ओरडलं, कोणीतरी उपरणं फाडलं. मी चिखलात लाल धागे शोधत होतो, दुसऱ्या कोणाला दिसण्याआधी मला सापडावेत म्हणून.

इनामदारांनी गावभर केलं की मिस्त्रीनं चीर गेलेली नळी गळ्यात मारली. दुकानात बंदुका यायच्या थांबल्या. मला रोज वाटे, आज ते ठाण्याला येतील आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवतील. आले नाहीत. पुढे त्यांचा निरोप आला, येऊन जा म्हणून. मी गेलो.

त्यांनी ती फुटकी नळी उभी कापली होती. एका हातानं, पायात धरून, कानशीनं. दोन्ही भाग माझ्यापुढे ठेवले. आतले पेच लखलखत होते.

"चीर शोधतोय," ते म्हणाले. "मला ऐकू कशी आली नाही? माझे डोळे आता चालत नाहीत. तुमची नजर तरणी आहे. बघा."

मी दाराशी उजेडात गेलो. फाटल्या जागेच्या अलीकडे-पलीकडे लोखंड निर्दोष होतं. आतून मिस्त्रीणबाई माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिस्त्रींच्या डाव्या हाताला गुंडाळलेलं फडकं दिसलं. मी एका जागेवर बोट ठेवलं. "इथे असावी. बारीक आहे."

मिस्त्रींनी नळी डोळ्यांजवळ नेली. उजवा अंगठा त्या जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवला. मग त्यांचा चेहरा सैलावला.

"हां," ते म्हणाले. "दिसली. म्हणजे माझाच कान चुकला."

दुसऱ्या दिवसापासून भट्टी पेटली नाही. ते गेले तेव्हा मी मयतीला गेलो नाही. कोणी काही विचारील ही धास्ती होती. आज विचारणारं कोणी उरलेलं नाही, तरी हे लिहिताना मी दार लावून घेतलं आहे.

त्यांचा कान चुकला नव्हता. मी बोट ठेवलं तिथे काहीच नव्हतं.