आउसगांग नावाचं स्टेशन

कोल्हापुरात जर्मनी बांधणारा माणूस आज सकाळी गेला.

दस्तगीरमामू. वय नव्वदच्या आसपास. नेमकं त्यांनाही माहीत नव्हतं.

फेसबुकवरच्या नव्या मित्रांसाठी सांगतो. मामू सिनेमाच्या स्टुडिओत सेट उभे करायचे. राजवाडा, तुरुंग, कोर्ट. बांबू, कापड आणि प्लास्टर हातात दिलं की चार दिवसांत काहीही.

सत्तरच्या दशकात आमचे एक डॉक्टर मित्र जर्मनीत शिकून परत आले, ते रेल्वेची एक पेटी घेऊनच. खेळण्यातली रेल्वे म्हटलं की चिडायचे. "हे मॉडेल आहे, मॉडेल!"

बंगल्यातली एक खोली रिकामी करून त्यांनी टेबलांवर रूळ मांडले आणि मामूंना बोलावलं. डोंगर, झाडं, प्लॅटफॉर्म, सगळं जर्मन पाहिजे. नमुन्याला पाच-सहा फोटो दिले.

मी तेव्हा कॉलेजात शिकवायचो आणि संध्याकाळी सभांत बोलायचो. खरं सांगतो, त्या खोलीत मी भांडायलाच गेलो होतो.

"इथं शाळांवर छप्पर नाही, आणि तुम्ही जर्मनीत झाडं लावताय?"

मामू म्हणाले, "सर, जरा बाजूला व्हा की. डोंगर वला हाय."

बाजूला झालो. मग रोज दुपारी जायला लागलो.

गोणपाट प्लास्टरमध्ये बुडवून डोंगर. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत. बाटल्या धुवायचे ब्रश कापून देवदाराची झाडं. प्लॅटफॉर्मला वरून पॉलिश पेपर चिकटवलेला, बोट फिरवलं की फरशीचा खरखरीतपणा लागायचा.

फोटोतला प्लॅटफॉर्म फार बुटका होता. मामूंना ते पटेना.

"हितं म्हातारी माणसं डब्यात चढत्यात कशी?"

"त्यांचे पाय लांब असतात," मी.

"म्हाताऱ्याचे पाय सगळीकडं सारखंच असत्यात, सर."

आणि त्यांनी आगपेटीच्या काडीचं एक इवलंसं स्टूल करून प्लॅटफॉर्मवर ठेवला.

राहिली पाटी. डॉक्टर त्यांच्या जर्मन गुरुजींना आणायला मुंबईला गेले होते. मामूंनी एक फोटो माझ्यापुढं धरला. त्यात एक मोठी पाटी. Ausgang.

"हे काय लिवलंय, सर?"

मला जर्मन येत नव्हतं. पण जर्मन विचारवंत अनुवादातून भरपूर वाचले होते. संस्कृत आणि जर्मन एकाच कुळातल्या, हेही वाचलं होतं. एवढं पुरे झालं.

"गावाचं नाव. आउसगांग. गांग म्हणजे आपलं गाव, बघा. मूळ एकच!"

"मोठ्या अक्षरात कागदावर लिवून द्या."

दिलं. मामूंनी आपल्याकडे असते तशी पिवळी पाटी केली. वर देवनागरी, खाली रोमन, दोन्ही टोकांना एकेक. अक्षरं छापल्यासारखी.

पाहुणे आले. आठ-दहा माणसं जमलेली. गाडी सुटली, बोगद्यातून आली, स्टेशनात थांबली. गुरुजी वाकले, पाटी वाचली आणि पोट धरून हसायला लागले.

आउसगांग म्हणजे बाहेर जाण्याचा रस्ता. एक्झिट.

डॉक्टर लाजेनं लाल. "अहो मामू, एक्झिट नावाचं गाव वसवलंत! प्रत्येक फोटोच्या मागं मी मराठीत लिहून ठेवलं होतं की. उलटून तरी बघायचं!"

सगळी खोली हसली.

मामूंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "चुकलं डॉक्टर. बघायचं राहिलं. रंग मारतो."

तिथंच बोलायला हवं होतं. हजारोंच्या सभेत ज्याचा आवाज कधी अडला नाही, त्या मी प्यायला पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. मामू अंगणात ब्रश धूत होते.

"मी डॉक्टरांना सांगतो. चूक माझी आहे."

"नगं."

"का? माझं तुम्ही का ऐकून घ्यायचं?"

"तुमी सांगणार. मग डॉक्टर म्हणणार, मागं मराठीत लिवलेलं असताना ह्यो सरांना इचारायला कशाला गेला?"

"मग?"

मामूंनी ब्रश झटकला.

"मला वाचाय येत न्हाय, सर."

गावोगाव साक्षरतेवर भाषणं करणारा मी. ह्या माणसाशेजारी दुपारच्या दुपारी बसलो होतो.

"मग पोलीस ठाण्याच्या, कोर्टाच्या पाट्या?"

"अक्षार म्हंजे चित्रच की. वळण बघायचं, काढायचं. बघायचं राहिलं म्हटलं तर शिव्या बसत्यात, पर उद्या काम मिळतंय. अडाणी हाय म्हटल्यावर पाटी कोण देणार? माझ्या हयातीत बोलू नका."

बोललो नाही. शिकवतो म्हणालो. मामू चार दिवस आले. असा 'अ' काढला की मला माझ्या अक्षराची लाज वाटली. मग शूटिंग लागलं, आणि राहिलं ते राहिलंच.

डॉक्टर आयुष्यभर तो किस्सा रंगवून सांगायचे. दरवेळी लोक हसायचे. दरवेळी मी शब्द पाळला. शब्द पाळणं आणि घाबरणं बाहेरून अगदी सारखंच दिसतं. माझ्यात त्यातलं कुठलं किती होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

गेल्या ईदला भेटलो तेव्हा मामू स्वतःच म्हणाले, "सर, मी गेल्यावर लिवा आता. नातवंडं शिकल्यात. आता कशाची लाज?"

म्हणून लिहितोय. त्या दिवशी खोलीत हसलेल्यांपैकी दोघं-तिघं माझ्या मित्रयादीत आहेत. त्यांनी नीट वाचावं.

चूक दस्तगीरमामूंची नव्हती. वाचता येणाऱ्याची होती. माझी होती.

या, मामू. सलाम.