आई चार दिवस मनीषाकडं होती

मंडळी, दुपारपासून काही सुचेना, म्हणून इथं लिहून राहिले.

माझी धाकटी बहीण मनीषा जपानमधल्या एका लहानशा बंदराच्या गावी वृद्धाश्रमात काम करते. यंदा उन्हाळ्यात आई गेली तेव्हा तिला रजा मिळाली नाही. शेवटचं दर्शन तिनं मोबाईलवरच घेतलं.

आज तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं अंधार पडलेला, आमच्या नांदेडात अजून ऊन. तिच्या गावात सण होता. या सणाला गेलेली माणसं चार दिवस घरी येतात, असं तिथले लोक मानतात. शेवटच्या संध्याकाळी कागदी कंदिलावर त्यांचं नाव लिहून, आत दिवा लावून तो समुद्रात सोडायचा, की ती परत जातात.

मनीषाच्या कंदिलावर आईचं नाव होतं, आपल्या मराठीत.

मी अण्णांना, आमच्या वडिलांना, हे सगळं समजावून सांगितलं. आई गेल्यापासून त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. फोन डोळ्यांजवळ धरून ते त्या लांब जाणाऱ्या उजेडाकडं बघत राहिले.

मग म्हणाले, "माय, चार दिस ती तुझ्याकडं होती, अन् तू फोन आज लावलीस व्हय? ती निघाल्यावर?"

मनीषाला हुंदका आवरेना.

"रडू नको. पुढच्या साली आली की पहिल्याच दिशी लाव. मला बोलायचं हाय तिच्याशी."

कॉल कधीच संपला. अण्णा फोन हातातून सोडंनात. तुम्ही असता, तर त्यांना काय सांगितलं असतं?