विहारातली ढोलकी

आम्ही श्रीलंकेच्या यात्रेहून परतल्यावर आमच्या भद्रावतीच्या विहारातल्या सचिवभाऊंनी पहिलं काम काढलं ते माझी ढोलकी बंद करण्याचं. तिकडचं संथ पाली पठण त्यांनी मोबाईलमध्ये भरून आणलं होतं. ते रोज स्पीकरवर लागायचं. महिन्याभरात आमच्या बायाही त्याच चालीत त्रिशरण म्हणू लागल्या. चाल मलाही आवडली, खोटं कशाला बोलू. पण पौर्णिमेला वंदनेनंतर आमची गाणी होतात आणि वीस वर्षं ढोलकी मी वाजवते.

"बाई, तिकडं पाह्यलं ना, किती शांत! आता विहारात ढोलकी नाई," भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले.

"भाऊ, तुमी चपला सांभाळत बाहेर बसले होते. आत पूजेले ढोल वाजून राह्यले होते."

बाया हसल्या. भाऊ चिडले. "आपल्या आज्यायनं वाजवणं सोडलं, ते विसरल्या काय?"

हे मात्र लागलं. माझा आजा राजुऱ्याकडच्या गावात दुसऱ्यांच्या लग्नात डफडं वाजवायचा, मांडवाबाहेर उभा राहून. तो त्याच्या वाट्याला आलेला गावकीचा हुकूम होता. दीक्षा घेतली त्या आठवड्यात त्यानं डफडं चुलीत घातलं. पुढे आम्ही पोरं डबा बडवायला लागलो तरी तो अंगावर धावून यायचा.

आणि एक गोष्ट मी यात्रेत कोणाला सांगितली नव्हती. तिथल्या ढोल वाजवणाऱ्याला मी गाईडकरवी विचारलं होतं, कोणाकडून शिकलात? तो म्हणाला, बापाकडून. हे काम आमच्याच घराण्यांकडे असतं. ऐकून मला माझा आजाच आठवला होता.

ते मी आता सांगितलं.

"म्हणून सांगते भाऊ, तिकडचं सगळंच डोक्यावर घेऊन याचं नाई. चाल चांगली हाय, ते ठेवू. पण आज्यानं हुकूम सोडला होता. मी हुकमानं वाजवत नाई, अन् हुकमानं बंदही करणार नाई."

पौर्णिमेला वंदना लंकेच्या चालीत झाली. मीही म्हटली, डोळे मिटून. मग उठले आणि ढोलकीची खोळ काढली. भाऊ समोरच बसले होते.

आजा मांडवाबाहेर उभा राहायचा. मी विहाराच्या मधोमध मांडी घातली आणि पहिली थाप मारली.