कोतवाल बुकातलं नाव

मी सरकारवर केस केली ती एका नावासाठी. नाव माझ्या मोठ्या बहिणीचं. ती अकरा दिवस जगली आणि बारशाच्या आदल्या दिवशी तापाने गेली. मी तिच्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. तिचा फोटो नाही, झबलं नाही, तिला पाहिलेलं माणूसही आता आईशिवाय कोणी उरलं नव्हतं.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला घरातल्या गेलेल्या माणसांना पाणी देतात. नवी घागर भरायची आणि एकेकाचं नाव घेऊन ओंजळभर पाणी सोडायचं. आजोबांचं, आजीचं, काकाचं, पुढे वडिलांचं. सगळ्यांची नावं घेऊन झाली की आई शेवटी एक ओंजळ भरून तशीच बसायची. कोणाच्या नावाने सोडायची ते तिला ठाऊक नसायचं. मग ती पाणी घागरीच्या बाजूला हळूच ओतून द्यायची आणि उठायची. लहानपणी मला वाटायचं, उरलेलं पाणी असंच सांडायची पद्धत असेल.

खरी गोष्ट तिने मला वडील गेल्यावर, मी आई झाले तेव्हा सांगितली. मुलगी गेली तेव्हा आई सतरा-अठराची होती. पोरीला पुरून सगळे परतल्यावर तिने एकच धोशा लावला, माझी पोर बिननावाची गेली. वडील दोन दिवस ऐकत राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बिननावाची काऊन? मी कोतवालाच्या बुकात तिचं नाव लिवून आलो न."

हे खरं असायला काही अडचण नव्हती. जन्म-मृत्यूची नोंद तेव्हा गावचा कोतवाल ठेवायचा. आमच्या कोतवालाला लिहिता येत नव्हतं. तो बूक काखेत मारून घरोघरी यायचा, आणि ज्या घरची नोंद असेल त्या घरात लिहिणारं कोणी असलं तर त्यालाच लिहायला लावायचा. वडील चौथी शिकलेले. म्हणजे आमच्या घरची ओळ त्यांच्याच हातची.

आईने विचारलं, काय नाव लिहिलं? तर वडील सांगेनात. गेलेल्या तान्ह्या लेकराचं नाव घेतलं तर ते पुढच्या लेकराला ओढून नेतं, असं गावात मानायचे. "दुसरं लेकरू मोठं होऊ दे, मंग सांगीन," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मी झाले, माझ्यामागे भाऊ झाला, आम्ही दोघं चांगले धष्टपुष्ट वाढलो. वडील तलावाच्या पाळीवर, धानाच्या बांधीत आयुष्यभर राबले आणि आईने विचारलं की "सांगीन न" म्हणत राहिले. शेवटी त्यांना लकवा मारला आणि वाचा गेली. आई त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायची. आम्हाला वाटायचं, काय हवं-नको ते विचारते आहे.

ते गेले, आणि मला हे एकदा सांगितल्यावर पंचवीस वर्षं आईने तो विषय काढला नाही. पुढे भावाच्या मुलाला जात पडताळणीसाठी आमच्या वडिलांच्या जन्माची नोंद लागली. अशा वेळी आमच्या भागात सगळे कोतवाल बुकाच्याच मागे धावतात, तशी मीही धावले आणि नक्कल आणली. आईने तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाली, "ते बूक अजून हाये?" तिला वाटत होतं, वाळवीने कधीच खाल्लं असेल. मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "मंग आपल्या पोरीची ओळ बी असन त्यात."

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. पंधरा दिवसांनी स्कॅन केलेल्या पानाची प्रत मिळाली. वडिलांचं नाव होतं, तारीख होती, 'मुलगी' असं लिहिलेलं होतं, अक्षर त्यांचंच. नावाचा रकाना मात्र वहीच्या शिवणीकडे होता आणि तिथे नुसती काळी सावली आली होती. मृत्यूच्या नोंदीचंही तसंच. मी म्हटलं, मला मूळ वही दाखवा.

रेकॉर्ड रूमचा बाबू निवृत्तीला आलेला, सभ्य माणूस होता. म्हणाला, "मॅडम, ओरिजनल अब किसी को नहीं दिखाते. पानं तुटून राहिले. आणि मी पाहिलं तुमच्यासाठी, उस में नाम नहीं है."

"मग दाखवायला काय जातं?"

"परमिशन नाही न, मॅडम."

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. न पाहता 'पाहिलं' म्हणणारी पोरं मी रोज पकडायचे. मी त्याला भरल्या ऑफिसात खोटारडा म्हटलं. तुम्ही ते कपाट उघडलंसुद्धा नसेल, असंही म्हटलं. तो चष्मा काढून पुसत बसला.

गावी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ दे बाई. नाही दाखवत त नाही." इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात राख गेली होती. माझ्या बापाने लिहिलेली ओळ माझ्या आईला पाहू न देणारे हे कोण? माहितीच्या अधिकारात अर्ज केला. नकार. अपील केलं. 'स्कॅन प्रत हीच अधिकृत प्रत समजावी.' दुसरं अपील केलं, त्याची तारीख यायलाच दीड वर्ष लागलं, आणि उत्तर तेच आलं. मग नागपूरला जाऊन वकील गाठला आणि हायकोर्टात याचिका टाकली. नवऱ्याने कपाळाला हात लावला. भाऊ म्हणाला, ताई, तुला रिटायर झाल्यावर काम नाही उरलं. खरं होतं तेही.

आणि या सगळ्यात आईचं काय झालं ते मी लिहायला हवं. 'जाऊ दे' म्हणणारी माझी आई हळूहळू वाट पाहू लागली. मी गावी गेले की आधी केसचं विचारायची. शेजारच्या बायांना घेऊन नावांचा अंदाज बांधायची. तुझ्या बापाला नद्यांची नावं आवडायची, म्हणायची. नाही तर त्याच्या मायचं ठेवलं असेल, त्याचा फार जीव होता मायवर. एक नाव नक्की करायची, दोन दिवस ते मनाशी घोळवायची आणि मग स्वतःच नाकारायची. ऐंशीला टेकलेली बाई, पण एखाद्या बाळंतिणीसारखी हौसेने बोलायची. तिला इतकं खूश मी माझ्या आठवणीत कधी पाहिलं नव्हतं. ती आशा तिच्यात मी पेटवली होती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

याचिकेवर ऑफिसने प्रतिज्ञापत्र दाखल केलं. त्यात सातव्या परिच्छेदात एक वाक्य होतं, 'मूळ नोंदवहीची तपासणी केली असता सदर रकान्यात नाव नमूद असल्याचे आढळून येत नाही.' वकील मला म्हणाले, "ताई, हे शपथेवर लिहिलंय. पुढे जायचं का?" मी म्हटलं, शपथेवर खोटं बोलायला यांना काय लागतं? ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. बाकीचे सहा परिच्छेद दाखवले.

सुनावणी पाच मिनिटंही चालली नाही. वही जीर्ण आहे, असं सरकारी वकील सांगू लागले तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, एक पान उघडून दाखवायला अडचण काय आहे? अधिकाऱ्यासमोर, अर्जदार आणि तिच्या आईला मूळ वही पाहू द्यावी, असा आदेश झाला. मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहून आनंदाने रडले. फोनवर आईला सांगितलं. तिने विचारलं, "लुगडं कोणतं नेसू?"

ती हिरवं नेसून आली. भावाने गाडी केली होती. रेकॉर्ड रूममध्ये तोच बाबू होता. त्याने आईसाठी खुर्ची पुसली, टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि त्यावर वही ठेवली. दोन्ही हातांनी, एकेक पान जपून उलटत त्याने ते पान काढलं आणि वहीची घडी उघडून शिवणीपर्यंत मोकळी केली. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

आई दुसरीपर्यंत शिकलेली. मी वाचायला पुढे झाले तर तिने मला हाताने मागे सारलं. बोट टेकवून एकेक अक्षर लावत ती वाचू लागली. आधी वडिलांचं नाव वाचलं. ते वाचताना हसली. मग 'मुलगी' वाचलं. मग बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

"हे काय होय?" तिने विचारलं.

मी वाकून पाहिलं. ती रेघ होती. आडवी, सरळ, त्याच शाईची. शेजारी बाबूने मृत्यूची नोंद उघडून ठेवली होती, तिथेही तशीच रेघ होती. वडिलांनी हात सावरून, नीट मारलेली.

"रेघ हाये, माय," मी म्हटलं.

"नाव?"

"नाही."

तिने बोट उचललं नाही. त्या रेघेवरून ते एकदा इकडून तिकडे फिरवलं. बाबूने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने घेतला नाही. मग त्याने माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. अभिलेख पाहिला, समाधान झालं, असं लिहून सही करायची होती. मी सही केली. त्याची माफी मागायची होती, ती न मागताच मी फॉर्म त्याच्याकडे सरकवला. तीन वर्षांपूर्वी त्या माणसाने मला खरं तेच सांगितलं होतं.

बाहेर भाऊ गाडी आणायला गेला होता. आम्ही पायरीवर बसलो. मला वाटलं, ती वडिलांवर चिडेल, त्यांना लबाड म्हणेल. मीच मनातून त्यांच्यावर संतापले होते. पण तिने त्यांचा विषयच काढला नाही.

"तू मले हे काऊन दाखवलं?" ती म्हणाली.

"तुलेच त पाहाचं होतं, माय."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "इतके वर्सं माह्या पोरीले नाव होतं. मले ठाव नोहोतं, पण होतं न."