माप मामांचं, कोट मालकांचा

सोलापुरातून विलायतेला जाऊन परत आलेली माणसं त्या काळात किती असतील कोण जाणे, पण जाऊन आल्यावरही परत न आलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आमच्या लिंगायतांच्या घरांत तशीच रीत. देहानं ते मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत राहायचे, गिरणीचा भोंगा झाला की छत्री घेऊन निघायचे, कडक भाकरी शेंगांच्या चटणीशी चवीनं खायचे. बाकीचे सगळे मामा इटलीत, नेपल्स नावाच्या गावात, एका शिंप्याच्या दुकानात हात अंगापासून किंचित दूर धरून उभे होते.

तिथं ते गेले कसे, हे आधी सांगायला हवं. मामा एका गिरणीच्या हपिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघत. मालकांनी नवी यंत्रं बघायला युरोपात जायचं काढलं तेव्हा त्यांना बरोबर असा एक माणूस हवा होता, ज्याला इंग्रजी येतं, भाजीभाकरी रांधता येते आणि 'नाही' म्हणता येत नाही. हे तिन्ही गुण एकाच पगारात मिळताहेत म्हटल्यावर मालकांनी फार विचार केला नाही. मामांचा विचार तर कुणी विचारलाच नाही. आत्यानं त्यांच्या ट्रंकेत ज्वारीचं पीठ, चटणी आणि विभूतीची पुडी भरली आणि मामा बोटीत बसले.

बोटीवर मालकांना कुणीतरी सांगितलं होतं, की सूट शिवावा तर नेपल्सलाच. म्हणून बोट लागल्यावर यंत्रं राहिली बाजूला, आधी मालक शिंप्याकडे गेले. करड्या रंगाचं कापड पसंत केलं, आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडून हॉटेलात आडवे झाले. मालक आणि मामा उंचीला, अंगाला जवळजवळ सारखे. मालक अंथरुणातून म्हणाले, "तू जा आणि तुझंच माप दे. अंगासारखं अंग, त्याला काय होतंय."

तो शिंपी म्हातारा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मामांना इटालियन. त्यानं मामांना आरशापुढं उभं केलं आणि पट्टी हातात न घेता नुसता त्यांच्याभोवती फिरत राहिला. मग मागून त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, पुढं येऊन स्वतःचे दोन्ही तळवे एका पातळीत धरले आणि एक जरा खाली नेऊन दाखवला. मामांचा उजवा खांदा उतरलेला होता. मेजावर वाकून लिहिता लिहिता तो कधी उतरला, ते आईला, बायकोला, खुद्द मामांनाही ठाऊक नव्हतं. शिंप्यानं तो खांदा धरून कोट बेतला. मामा गोष्टीच्या या जागी आले की त्यांचा आवाज खाली यायचा. "माझ्याकडं इतका वेळ कुणी बघितलंच नव्हतं की," ते म्हणत.

कोट अंगावर घालून बघायला मामा पुन्हा पुन्हा जात राहिले, आणि दर खेपेला शिंपी त्यांना कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात नेई. तिथं शिंपल्यासारखा, पापुद्र्यांचा एक गरम पदार्थ मिळे. आत गोड छेना आणि संत्र्याची साल. तिथं वाढणारा पोऱ्या मामांना 'सिन्योरे' म्हणे. हॉटेलात परतलं की मालक त्यांना 'ए' म्हणत आणि मऊ भात टाकायला सांगत.

आत्यासाठी मामांनी बदाम घातलेल्या पांढऱ्या मिठाईचा एक डबा आणला. तांबड्या समुद्राच्या उन्हात ती आधी वितळली आणि मग तिचा एकसंध दगड झाला. आत्यानं तो बत्त्यानं फोडला, आळीभर वाटला, आणि सगळ्यांचं खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, "ह्यात अंडं तर न्हाय ना?" मामांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "तिकडच्या कोंबड्या लई सात्त्विक असतात." आत्या उठून डोक्यावरून पाणी घेऊन आली. पुढं कित्येक दिवस ती मामांशी बोलली नाही आणि आळी आत्याशी.

खरं दुखणं पुढंच होतं. मालकांनी तो कोट घातला आणि गिरणीत आले. मालकांचे खांदे सरळ होते. त्यामुळं कोट उजवीकडं ओढला जायचा आणि मालक खिशात दगड घेऊन निघाल्यासारखे दिसायचे. समोर कुणी हसलं नाही. गिरणीत मागं हसण्याची उत्तम सोय होती. मालकांच्या कानावर ते गेलंच. त्यांनी मामांना बोलावून विचारलं, "तू तिथं नीट उभा नव्हतास काय रे?"

"नीटच उभा होतो, साहेब," मामा म्हणाले. "मी असाच आहे."

हे उत्तर उद्धटपणाचं ठरलं. मामांना हपिसातून काढून रुईच्या गोदामात गाठी मोजायला बसवलं. जिथं वर्षानुवर्षं ते इंग्रजीत 'आपला आज्ञाधारक' लिहीत आले होते, तिथं मालकांचा भाचा येऊन बसला. रुईचं तूस छातीत जाऊन मामांना खोकला जडला. नातेवाईक हळहळले आणि घरी जाऊन हसले.

मामांची चक्रमपणाबद्दलची ख्याती सुरू झाली ती तेव्हापासून. समोर येणाऱ्या माणसाचं तोंड बघायच्या आधी ते खांदे बघायचे. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा चहा पुढं करता करता मामा मुलाच्या वडलांना म्हणाले, "चिरंजीवांचा डावा खांदा उतरलाय. आत्ताच सांगितलेलं बरं." ते स्थळ उठून गेलं. गावातल्या यच्चयावत शिंप्यांशी त्यांचं वाजलं. शेवटी एक मियाँभाई शिंपी शांतपणे म्हणाला, "मामा, तुमकू कोट होना की झगडा होना, पैले वो बोलो." लग्नाच्या पंगतीत चिरोटा वाढला की मामा तो डोळ्यांपुढं धरून पापुद्रे बघत आणि म्हणत, "बरा आहे. संत्र्याची साल असती तर..." यजमानीण ओशाळी व्हायची आणि आत्या पदराआडून म्हणायची, "साकु. पुरे करा आता तुमचं नेपल्स."

तीस साली सोलापुरात लागलेला मार्शल लॉ उठून गेल्यावर एक-दोन वर्षांत मालक वारले. तोवर विलायती कापड लोकांच्या डोळ्यांत सलायला लागलं होतं. घरच्यांनी मालकांचे सूट वाटून टाकले. मामांची आठवण कुणाला झाली नाही. व्हायचं कारणही नव्हतं.

एका संध्याकाळी मी आणि मामा बाळीवेशीतून येत होतो. समोरून वरात आली. बँडवाल्यांमध्ये सनई वाजवणाऱ्या माणसाच्या अंगावर तो करडा कोट होता. मामा जागीच थांबले. वरात पाणी प्यायला थांबली तशी ते त्याच्याजवळ गेले.

"हा कोट उजवीकडं ओढतो का हो?"

"व्हय की," तो म्हणाला. "लई वढतो. वाजवताना हातच उचलत न्हाय. तुमाला कसं कळलं?"

"जरा अंगावर घालून बघू का?"

तो भला माणूस होता. त्यानं कोट काढून दिला. मामांनी छत्री माझ्याकडं दिली आणि भर रस्त्यात, धोतरावर, तो कोट चढवला. गोदामानं त्यांचं अंग पार वाळवलं होतं. छातीवर कापड सैल लोंबत होतं. पण खांदे बसले. मी पहिल्यांदाच मामांना असं उभं राहिलेलं बघत होतो. सनईवाल्यानं मागं सरून नीट बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या तुमालाच. मी सदऱ्यावर वाजवीन."

मामांनी नकाराची मान हलवली. कोट काढला, हातावर नीट घडी घातली, मग घडी मोडून त्याच्या पाठीशी धरला आणि त्याचे हात बाह्यांत घालायला मदत केली. "थंडी पडायला लागलीय," ते म्हणाले. वरात पुढं गेली. मामांनी माझ्याकडून छत्री घेतली आणि आम्ही घराकडं निघालो.

त्यानंतर त्यांनी कुणाचे खांदे बघितले नाहीत. पंगतीत जे वाढतील ते खाली मान घालून खायचे. सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटलं, आत्यालाही वाटलं असेल. पण एक दिवस स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तू तर विचार की त्यास्नी कधी. तो शिंपी, ते दुकान. माझ्याकडनं विचारवत न्हाय. घर लई गप झालंय."

मी बाहेर गेलो. मामा ओट्यावर बसून छातीला तेल चोळत होते. मी म्हटलं, "मामा, नेपल्सची गोष्ट सांगा ना."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मामा खोकला आवरेपर्यंत थांबले.

"काय सांगायचं त्यात," ते म्हणाले. "गाव बरं होतं."