पंखातला आवाज

विमानाचा उजवा पंख आम्ही दोघांनी उलटा केला आणि त्याच्या पोटात काहीतरी घरंगळलं.

मी ऐकलं, नवऱ्यानेही ऐकलं. पंखाची दोन टोकं धरून आम्ही तसेच उभे राहिलो. "रिव्हेटची तार असेल," तो म्हणाला. पत्रा जोडायचा रिव्हेट ओढून बसवला की त्याची तार तुटते आणि कधीकधी आत पडते, हे खरं. पण तारेचा आवाज बारीक असतो, किणकिणतो. हा जाड होता. आधी घरंगळणं, मग ठोका.

"परत फिरव," मी म्हटलं. फिरवला. पुन्हा तेच.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी माल तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि घरी आले तरी ते अंगातून उतरत नाही असं नवऱ्याचं म्हणणं. हे दोन माणसांचं, घरीच जोडायचं विमान सुट्या भागांच्या पेट्यांतून आमच्या दारात उतरलं तेव्हा मी आधी डबे जमवले. करावे गावातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर पूर्वी जाळी आणि होडीचं इंजिन असायचं. तिथे भिंतभर फळ्या ठोकल्या आणि त्यांवर लोणच्याच्या बरण्या, बिस्किटांचे डबे, सासूबाईंचे सुक्या मासळीचे जुने डबे घासूनपुसून मांडले. प्रत्येक नटबोल्टला, प्रत्येक वायसरला आपापलं घर आणि घरावर चिठ्ठी. कुणी चहा पिता पिता एखादा स्क्रू नुसता उचलून पाहिला तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची. "उलव्याला एवढा विमानतळ झालाय, मग हे घरात कशाला?" असं विचारणाऱ्या पाहुण्यांना मी चहा द्यायची आणि डब्यांपासून लांब बसवायची.

पंखातून एक लांब दांडा जातो. बसल्या जागेवरची काठी हलवली की तो सरकतो, पंखाच्या मागच्या कडेची पट्टी वरखाली होते आणि विमान डावीउजवीकडे कलतं. त्या दांड्याच्या वाटेत काही अडकलं, तर कललेलं विमान कललेलंच राहतं. मग चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. आणि चालवणार मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो ठरला होता. दोन्ही पंख घाटावरच्या एका धावपट्टीजवळच्या शेडमध्ये जायचे होते आणि तिथे ते विमानाला लागायचे होते. "तिथे जाऊन बघू," नवरा म्हणाला. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

मी एकेक डबा उघडून बघितला. सगळं जागच्या जागी. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढून ठेवली होती. एकही आकृती रिकामी नव्हती. त्यामुळे तर मी आणखीच चक्रावले. काही हरवलेलं असतं तर आत काय आहे ते तरी कळलं असतं.

सासूबाई ओट्यावर सूप घेऊन जवळा निवडत बसल्या होत्या. एरवी आत पाना जरी पडला तरी "काय परला गं?" म्हणून हाक येते. त्या दिवशी हाक आली नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा विचार केला नाही.

मोबाइलला जोडायचा तारेचा कॅमेरा होता. पंखाच्या बाजूच्या भोकातून मी तो आत सारला. नवऱ्याने मोबाइल धरला. पंखाला आतून आधार देणारी एक फासळी गेली, दुसरी गेली. मग पडद्यावर लाल रंग आला. आतल्या फासळीला गुलाबी दोऱ्याने बांधलेलं, फाटलेलं लाल फडकं. तार आणखी सारली. दांड्याला टेकून एक सुपारी पडली होती.

मी ओट्यावर गेले. "आई, पंखात काय ठेवलंत तुम्ही?"

त्यांनी मान वर केली नाही. "सुपारी. रुपया. थोरी हलद-कुंकू."

"कधी?"

"तू कामाला गेल्लीस तवा. उघराच होता ना तो."

मग मी जे बोलले ते सगळी आळी ऐकत होती. "मेले असते मी! कळतंय का तुम्हाला? या एका सुपारीनं मेले असते!" नवरा मागून "अगं, हळू" म्हणाला, तर मी त्यालाही झापलं. एवढे डबे, एवढ्या चिठ्ठ्या, कुणाला हात म्हणून लावू दिला नाही, आणि घरच्याच माणसाने माझं मरण पुरचुंडीत बांधून आत ठेवलं. असंच बोलले मी.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "नवी होरी पान्यात घालतान तवा तिच्या नाळीत, म्होरल्या टोकात ठेवतान. याच्या बापसाच्या होरीत मीच ठेवली व्हती."

"ही होडी नाही, आई!"

"ठाव हाय मना. होरी बुरली तर मानूस पवून तरी येतो." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "वरशी परलीस तर तू काय पवून येशील?"

आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, मीही स्वतःला नाही. डबे नीट लावले की सगळं नीट होणार, असं मी धरून चालले होते. त्या ओट्यावर मला पहिल्यांदा माझ्या विमानाची भीती वाटली. मी त्यांच्याशेजारी बसले.

"नको करू म्हनलं तर तू ऐकनारी नाय," त्या म्हणाल्या. "मंग मी काय करनार?"

पत्रा पुन्हा उघडावा लागला. रिव्हेटची डोकी ड्रिलने एकेक उडवायची, आणि ड्रिल जरा तिरकं गेलं तर भोक मोठं होऊन पत्राच वाया. मी थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा टेकवायची. सासूबाई न सांगता बॅटरी घेऊन आल्या आणि उजेड धरून उभ्या राहिल्या. पत्रा उचलला. दोऱ्याची गाठ शाबूत होती, फडकं तेवढं पत्र्याच्या कडेला लागून फाटलं होतं. मी फडकं सोडवलं, सुपारी काढली, रुपया काढला, कुंकू पुसून घेतलं. त्यांनी परत घ्यायला हात पुढे केला.

मी दिली नाही. बामची एक रिकामी डबी होती, पत्र्याची. तिच्यात मी कापूस भरला, सुपारी आणि रुपया दाबून बसवले, झाकण पक्कं केलं. ही डबी सीटच्या मागे, जिथे काहीच हलत नाही तिथे, पट्टीने आवळून बसवणार होते. चिठ्ठीही लावली, इतर डब्यांना लावते तशीच. त्यांनी डबी माझ्या हातून घेतली, कानाशी धरून जोरजोरात हलवली आणि मग माझ्या कानाशी हलवली.

"वाजते?"

"नाही."

पत्रा पुन्हा बसवला, रिव्हेट ओढले. मग आम्ही दोघांनी टोकं धरली आणि सासूबाईंनी पंखाच्या मधोमध कान लावला. आम्ही पंख हळूहळू फिरवत होतो आणि त्या कान न काढता त्याच्याबरोबर वाकत होत्या, गुडघे दुखतात तरी. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पंख पुरता उलटा झाला.

"कायच नाय," त्या म्हणाल्या. पण कान तसाच पत्र्याला. "आनखी एक डाव फिरवा."

आम्ही आणखी एकदा फिरवला.