मामाचे हात स्वच्छच होते

माझा मामा छावणीत आचारी आहे. बावीस वर्षं झाली. नखं इतकी बारीक कापतो की बोटं सोलल्यासारखी दिसतात. घरी आला की ओट्यावर बोट फिरवून बघतो, आणि आई म्हणते, आलास का तपासणीला. अशा माणसाला छावणीच्या साहेबांनी घाणेरडं ठरवलं, म्हणून लिहितेय. मी नववीत शाळा सोडली, शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढू नका.

झालं असं. कवायतीत जवान भोवळ येऊन पडायला लागले. आधी म्हणे कामचुकार आहेत. आठवड्यात सात जण पडले तेव्हा कुठे सगळ्यांची शौचाची तपासणी केली. एकशेचार जणांत एकसष्टांच्या पोटात जंत. साहेबांनी कागदावर 'जंत' एवढंच वाचलं आणि थेट मामाला धरलं. त्याच्या सेवापुस्तकात लिहिलं, 'स्वच्छतेत हयगय', आणि घरी बसवलं. मामाची स्वतःची तपासणी साफ आली होती. ती बघायला कुणाला वेळ नव्हता.

मामा जेवेना. नुसता हात धुवायचा, लाल होईपर्यंत. माझं डोकं फिरलं. त्याला ओढतच छावणीच्या दवाखान्यात नेलं. नमुने तपासणाऱ्या ताईंना विचारलं, जेवणातून एवढे जंत होतात का? त्या वैतागल्या.

"हे जेवणातले नाहीतच. अनवाणी चाललं की मातीतून तळपायात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. अहवालाच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय मी."

दुसरं पान कुणी उलटलंच नव्हतं.

अनवाणी म्हटल्यावर मामा सांगायला लागला. पहाटे चूल पेटवताना त्याला खिडकीतून रोज दिसायचं, पोरं बराकीमागच्या शौचाच्या चरांकडे अनवाणी पळतायत. चर भरून वाहतायत, त्याच चिखलातून. बूट रात्रीच चकचकीत करून खाटेखाली रांगेत लावायचे आणि सकाळी बुटांची तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही, हा साहेबांचा हुकूम. पोरांनी चपला मागून वर्ष झालेलं. पोरांचं रक्त गेलं तरी चालेल, बुटांवर डाग नको!

ताईंनी ते पान घेऊन आम्हाला साहेबांपुढे उभं केलं. साहेबांनी वाचलं. चपला आणि औषध लगेच मागवतो म्हणाले. मामाला म्हणाले, उद्यापासून या कामावर.

मामा हलला नाही.

"आधी सेवापुस्तकातलं ते वाक्य खोडा, साहेब."

लिहिलेलं खोडता येत नाही म्हणे. लिहिताना बरं आलं! मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाने माझा दंड दाबला. तो तसाच उभा राहिला. शेवटी साहेबांनी पुस्तक मागवलं, बारीकशी रेघ मारली, सही केली आणि त्याच्याकडे सरकवलं.

मामाने वाकून बघितलं.

"अजून वाचता येतंय," म्हणाला, आणि पुस्तक परत साहेबांकडे सरकवलं.